चवथीच्या आधीचे साडेतीन महिने : घरी दिलेल्या शेवटच्या सोबतीची पूर्ण हकीकत

देवगड तालुक्यात खाडीच्या काठावर एक चिऱ्याचं घर आहे, पुढे खळं, खळ्यात तुळस, मागे अरुंद पडवी. मे महिन्याच्या मध्यावर मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा घरातली सगळ्यात वडीलधारी बाई मागच्या पडवीत, लाकडं रचलेल्या कोपऱ्याला खाट लावून झोपली होती. कुणी तिला तिकडे टाकलं नव्हतं. तिने स्वतःच खाट हलवून घेतली होती, कारण गालाच्या जखमेचा वास तिचा तिलाच सहन होत नव्हता आणि नातू जवळ आला की नाक धरतो हे तिने बघितलं होतं.

ही केस मी सविस्तर लिहितेय ती अशा कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी, आणि घरात असा पेशंट असलेल्यांसाठी तर जास्तच. ओळख पटू नये म्हणून नावं कुणाचीच देत नाही, एकदोन तपशील बदललेत. आजारी बाईंना मी काकी म्हणायचे, त्यांच्या सुनेला वयनी. धाकटा मुलगा गावात, आंब्याच्या बागेत काम आणि बाकी वेळ रिक्षा. मोठा मुंबईला. मुलगी कणकवलीकडे दिलेली.

मी स्वतः नर्स नाही. आठ वर्षं गावात आशा सेविका म्हणून काम केलं, मग माझ्या वडलांचे शेवटचे बारा दिवस एका हॉस्पिटलच्या आयसीयूत काचेच्या पलीकडून बघितले आणि ते काही केल्या मनातून जाईना, म्हणून पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या सेवेचं, स्वयंसेवकांचं ट्रेनिंग घेतलं. शेवटच्या दिवसांत पेशंटच्या आणि घरच्यांच्या सोबतीला राहणाऱ्या माणसाला बाहेर एंड ऑफ लाइफ डूला म्हणतात. डूला हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ दासी, सेवा करणारी बाई, आणि अमेरिकेत इनेल्डा नावाची संस्था २०१५ पासून याचं शिक्षण देते. आमच्याकडे मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की सोबतीला जाते. बाळंतिणीला सोबत, एकट्या म्हातारीला रात्रीची सोबत, हा शब्द आपल्याकडे आहेच. औषध मी ठरवत नाही, इंजेक्शन देत नाही. बसते, बघते, लिहून ठेवते, आणि घरातल्यांना जे एकमेकांशी बोलायला जमत नाही ते बोलायला लावते.

आधीचं थोडक्यात

काकींचं वय ७१. पन्नास वर्षं मिश्री. तीन वर्षांपूर्वी डाव्या गालाचा कॅन्सर निघाला, मुंबईला ऑपरेशन, मग लाईट (रेडिएशन) दिली, दोन वर्षं बरी गेली आणि परत उलटला. या खेपेला गाल बाहेरून फुटला. डॉक्टरांनी सांगितलं की आता बरं करणारं औषध नाही, पण त्रास कमी करणारं आहे, आणि ते औषध, नाकातून जेवणाची नळी, चिठ्ठी असं सगळं देऊन घरी पाठवलं. बांद्र्याच्या शांती अवेदना सदनाचाही विषय निघाला होता, १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटना सांभाळणारी जागा, तिथे अशा पेशंटना फुकट ठेवतात, पण काकी ऐकेनात. बोलता नीट येत नव्हतं म्हणून नातवाची पाटी घेतली आणि लिहिलं, 'घराक'. चौथी शिकलेली बाई, अक्षर मोठं मोठं पण स्पष्ट.

आधी वास, मग बाकीचं

पहिल्या दिवशी मी काहीच केलं नाही. खाटेच्या कडेला बसले, तासभर. नवीन माणसांना माझं सांगणं आहे की पहिल्या भेटीत वही काढू नका, प्रश्न विचारू नका, आणि कितीही वास आला तरी पदर नाकाला लावू नका, आजारी माणूस तुमच्या बाकी कशाकडे नाही पण तोंडाकडे बघत असतो.

घरात अगरबत्ती, धूप, फिनेल सगळं चालू होतं आणि त्या सगळ्याखाली वास तसाच. वयनी रोज जखम पुसायची पण सुकी पट्टी ओढून काढायची, त्यामुळे रक्त यायचं, म्हणून ती घाबरून दोन दिवसांनी एकदा करायला लागली होती आणि मग वास वाढला होता. मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, जखमेचे फोटो पाठवले. त्यांनी सांगितलं ते असं : पाणी उकळून गार करायचं, त्यात थोडं मीठ, ते पट्टीवर ओतून पट्टी पूर्ण भिजू द्यायची, सुटली की मगच काढायची, ओढायची नाही. जखम त्याच पाण्याने हलक्या हाताने धुवायची. आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, ज्या जुलाबाला देतात त्याच, खलबत्त्यात अगदी पिठासारख्या कुटून जखमेवर भुरभुरवायच्या. वास करणारे जंतू त्याने मरतात. माश्या बसू नयेत म्हणून दिवसासुद्धा मच्छरदाणी, कारण मे महिना, आंब्याच्या पेट्या घरात, माश्यांना काय तोटा, आणि अशा जखमेत माशीने अंडी घातली की किडे पडायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट सांगायला मला जड गेली पण सांगितली. गालाच्या अशा जखमेतून कधीतरी एकदम मोठं रक्त जाऊ शकतं. त्यासाठी गडद रंगाचे, मरून किंवा काळपट, जुने टॉवेल खाटेखाली घडी करून ठेवायचे, पांढऱ्या कपड्यावर तेच रक्त दहापट भयंकर दिसतं आणि आजारी माणूसही घाबरतो. वयनीने दोन जुनी चॉकलेटी टॉवेलं काढून ठेवली. ती वेळ शेवटपर्यंत आली नाही, पण ती टॉवेलं तिथे होती म्हणून वयनी रात्री झोपू शकली असं तिने मला नंतर सांगितलं.

पाचव्या दिवशी वास एवढा उतरला की घरात शिरल्यावर कळत नव्हता. सातव्या दिवशी खाट पुढच्या पडवीत आली, तुळस दिसेल अशी. नातू पाटी घेऊन शेजारी बसला. एवढ्या सगळ्या केसमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं असं कुणी विचारलं तर मी हाच दिवस सांगेन, मॉर्फीनच्या आधी, कागदपत्रांच्या आधी.

गोळी घड्याळावर

मॉर्फीनची १० मिलिग्रॅमची गोळी दर ४ तासांनी सांगितली होती. घरात दिली जात होती ती दुखून दुखून काकी कण्हायला लागल्या की मग, आणि तीसुद्धा अर्धी. का, तर शेजारी कुणी सांगितलं ही अफूची गोळी, सवय लागते, आणि एकदा चालू केली की समजायचं संपलं. ही भीती मला प्रत्येक घरात भेटते. मी वयनीला चुलीजवळ बसून समजावलं की चुलीतला विस्तव पूर्ण विझू दिला तर परत पेटवायला किती फुंकायला लागतं, आणि विझायच्या आधी एक लाकूड सरकवलं तर कसं चालू राहतं, दुखण्याचं उलटं आहे, ते एकदा पूर्ण पेटलं की आटोक्यात आणायला गोळी जास्त लागते. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापाने दिलेल्या मॉर्फीनने माणूस व्यसनी होत नाही आणि मरणही लवकर येत नाही. पहिले दोनतीन दिवस पेंग येते, कुणाकुणाला मळमळ, ती जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत, हे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं आणि घरात ते बाटली न फोडता फळीवर ठेवलेलं होतं.

मग वही केली. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दोन गोळ्या एकदम, म्हणजे मध्यरात्री २ ला उठवायला नको, ही पद्धत डॉक्टरांनीच सांगितली. साधी गोळी कुटून पाण्यातून नळीवाटे देता येते, पण जी हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी असते ती कधीच कुटायची नाही, सगळा डोस एकदम सुटतो. कुटायच्या आधी चिठ्ठी वाचा, दोन वेळा वाचा.

नळीतून पेज जायची, उकड्या तांदळाची, फडक्याने गाळून, कधी कुळथाची पातळ पिठी. एका वेळी पेलाभर, डोक्याकडची बाजू उशा लावून उंच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. शेवटी नळी साध्या पाण्याने धुवायची नाहीतर चिकटते. हे वयनीला माझ्याहून छान जमत होतं.

एकदा काकींनी पाटीवर लिहिलं, 'डबी'. मिश्रीची डबी. वयनीने ती कधीच गडग्याबाहेर फेकून दिली होती, त्याच विषाने हे दिवस आणले म्हणून, आणि तिचा राग खरा होता. पण मी म्हटलं दे गं, लावणार कुठे आहेत त्या, तोंड उघडतंय कुठे. बाजारातून नवी आणली. काकींनी झाकण उघडून वास घेतला आणि उशीखाली ठेवली, रोज दोनदा काढायच्या.

कागद

जूनच्या सुरुवातीला, काकी खाटेवर बसू शकत होत्या तेव्हा, मी विषय काढला. विचारलं, त्रास वाढला तर कुठे न्यायचं? पाटीवर आलं, 'माका खंय नेव नकात'. मी विचारलं, मशीन, मोठी नळी, छातीवर दाबणं? त्यांनी हाताने पाटी परत दाखवली. वयनीने फोनवर त्या पाटीचा फोटो काढला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला मान्य केलं की शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो की बरं होण्याची आशा नसेल तर मला मशीनवर ठेवू नका. तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कुणी त्या वाटेला जात नव्हतं, २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. लोक याला इच्छामरण म्हणतात आणि घाबरतात. यात कुणी कुणाला मारायचं इंजेक्शन देत नाही, जे मरण आलंच आहे ते मशीन लावून लांबवू नका एवढंच आहे. धाकट्याने रिक्षातून काकींना तालुक्याला नेलं, सही झाली, आपल्या वतीने बोलायला म्हणून दोन्ही मुलांची नावं घातली.

त्याशिवाय मी एक साधा कागद करते, त्याला काही कायदा नाही. मोठ्या अक्षरात, पडवीच्या भिंतीला चिकटवलेला. डॉक्टरांचा नंबर. पेशंट घरीच राहू इच्छिते. गोळ्यांच्या वेळा. रात्री त्रास झाला तर आधी कुणाला फोन. घरी मृत्यू झाला तर दाखला द्यायला कोण डॉक्टर येणार, त्यांना आधी भेटून विचारून ठेवलंय का. शेजारी डॉक्टरांची चिठ्ठी आणि नोटरीच्या कागदाची झेरॉक्स. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कारण पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात.

इथे माझी मोठी चूक झाली. मोठ्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, तो 'हो हो' म्हणाला होता, मी ते पुरेसं धरलं. त्याला कागद वाचायला पाठवला नाही, व्हिडिओवर आईसमोर बसवलं नाही. लांब राहणारा मुलगा फोनवर 'हो' म्हणतो त्याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की मला आत्ता याचा विचार करवत नाही.

जुलै

पावसात तीन गोष्टी बिघडल्या. लाईट जायची, आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून आणलेली हवेची गादी पंपावर चालते, लाईट गेली की तासाभरात चपटी. बाजारातून भाड्याने इन्व्हर्टर आणला आणि तरी दर दोन तासांनी कूस बदलायची सवय सोडली नाही. नेटवर्क जायचं, म्हणून डॉक्टरांशी बोलायला धाकटा सड्यावर जायचा.

तिसरी गोष्ट गोळ्यांची, आणि तिथे आम्ही सगळेच चुकलो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, डॉक्टरांनी १० चे १५ मिलिग्रॅम केले. म्हणजे रोजच्या सहा गोळ्यांच्या नऊ झाल्या. घरात होत्या ८४. सहाच्या हिशोबाने चौदा दिवस, नऊच्या हिशोबाने नऊ, आणि मोठा नवीन गोळ्या घेऊन येणार होता अकराव्या दिवशी. हा हिशोब कुणीच केला नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी मी डबा उघडला तर आत बारा.

मॉर्फीन तालुक्याच्या मेडिकलात मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याने ते इतकं बांधून टाकलं की डॉक्टर आणि दुकानदार दोघांनी ठेवणंच सोडलं, २०१४ च्या दुरुस्तीने मान्यता मिळालेल्या संस्थांना ठेवणं सोपं झालं, पण त्या संस्था आमच्यापासून लांब. अचानक बंद केलं तर दुखणं तर येतंच, वर अंग कापणं, घाम, जुलाब. डॉक्टरांनी फोनवर आहे त्या गोळ्या कमी मापाने ताणायला सांगितल्या, सोबत नळीतून पॅरासिटामॉल. मोठा दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन एसटीच्या रातराणीने निघाला, कारण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकात आणि त्यात उशिराने. परशुराम घाटात वाहतूक अडकली. सकाळी यायचा तो संध्याकाळी चार वाजता खळ्यात उतरला, आणि त्याने आपली आई बघितली ती त्या साडेतीन महिन्यांतल्या सगळ्यात वाईट दिवशी, खाटेची पट्टी धरून कण्हत असलेली.

दोन दिवसांत सगळं परत बसलं. पण त्याला कामावर जायचं होतं, तो दुसऱ्याच दिवशी गेला होता. तेच चित्र डोळ्यांत घेऊन गेला. हे मला महिनाभराने कळलं. तेव्हापासून मी गोळ्यांची संख्या वहीत रोज लिहिते आणि दहा दिवसांचा साठा उरला की मागवते, पावसात पंधरा.

चवथ

श्रावण लागल्यावर घरात एक कुजबुज सुरू झाली. मोठा फोनवर मला दर दोन दिवसांनी विचारायचा, 'अजून किती दिवस वाटतात?' मुलगीही विचारायची. मला राग आला, खरं सांगते. आई जातेय आणि हे सुट्टीचा हिशोब करतायत असं वाटलं.

मग एका दुपारी काकींनी पाटी ओढली. 'गणपती येतलो मा?'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात सात पिढ्यांचा गणपती. चवथीच्या तोंडावर काकी गेल्या तर सुतक, गणपती बसणार नाही, आणि मुंबईहून सगळे चाकरमानी येणार ते रिकाम्या माटवीखाली, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या मांडवीखाली. मुलांना आईच्या मरणाचं आणि गणपतीचं असं दोन्ही एकाच वेळी मनात येत होतं आणि त्याची लाज वाटत होती म्हणून ते फक्त 'किती दिवस' विचारत होते. आणि काकी सगळं ऐकत होत्या. आपल्या मरणाने देव खोळंबणार ही टोचणी त्यांना गालाच्या जखमेइतकीच होती. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स म्हणायच्या की शेवटच्या आजारातलं दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि देवाधर्माचं असं मिळून एकच असतं, टोटल पेन. ट्रेनिंगमध्ये मी हे पाठ केलं होतं. समोर आलं ते पाटीवरच्या तीन शब्दांत. मॉर्फीन वाढवून ते जाणारं नव्हतं.

भटजींना घरी बोलावलं. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं की काय विचारणार आहोत, पण उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं, काकींच्या खाटेशी बसून. म्हणाले, सुतक आलं तर यंदा मूर्ती आणायची नाही, पुढल्या वर्षी आणायची, यात दोष कुणाला लागत नाही, घरच्या म्हातारीची सेवा झाली ती बाप्पापर्यंत पोचली. काकींनी डोळे मिटले. धाकट्याने पुढे होऊन हात धरला. मोठा व्हिडिओवर होता, या वेळी मी त्याला बसवलं होतं. तो म्हणाला, 'आये, तू गणपतीची काळजी करू नको.' त्या रात्री मधली जास्तीची गोळी लागली नाही, वहीत तशी नोंद आहे.

वयनीबद्दल इथे लिहिलं पाहिजे. जूनपासून ती रात्री सलग दोन तासांच्या वर झोपली नव्हती. तिची कंबर धरली होती आणि ती नातवावर उगाच खेकसायला लागली होती. केरळात १९९३ पासून कोझिकोडहून सुरू झालेलं काम मी ऐकून होते, तिथे शेजारीपाजारीच आळीपाळीने पेशंट सांभाळतात. आम्ही बचत गटातल्या चौघींना गाठलं. आठवड्यातल्या चार दुपारी प्रत्येकी तीन तास. कामं वाटून दिली, जखमेला हात फक्त वयनी आणि मी लावणार, बाकीच्यांनी कूस बदलायची, तोंड ओलं करायचं, आणि मुख्य म्हणजे काकींना गावातल्या गजाली सांगायच्या. पहिल्या दुपारी वयनी झोपली नाही, न्हाणीघरात जाऊन अर्धा तास आंघोळ करत बसली. मुलगी रक्षाबंधनाला आली ती आठ दिवस राहिली आणि रात्रपाळी तिने घेतली. घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी १४५६७ ही सरकारी एल्डरलाइन आहे, तिथे नुसतं बोलायलाही फोन करता येतो. हा नंबर मी प्रत्येक घरात सुनेला देते, मुलाला नाही.

शेवटचा आठवडा

चवथीच्या दहा दिवस आधी काकी जवळजवळ दिवसभर झोपेत. लघवी कमी, हातपाय गार. नळीतून दिलेली पेज पुढे सरकेना, पुढच्या वेळी नळी तपासली की तीच परत यायची, एकदा नाकातून उलटली आणि श्वासात गेली असं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं पेज थांबवा, औषधापुरतं पाणी.

मोठा चवथीची रजा घेऊन त्याच दिवशी आला. वही बघितली, पेजेच्या रकान्यात रेघ. म्हणाला, 'आयेक उपाशी ठेवलास?' मग आवाज चढला, सलाईन लावा, कोल्हापूरला नेऊया, गाडी मी करतो. धाकटा गप्प. वयनी रडायला लागली, साडेतीन महिने केलं आणि शेवटी उपाशी मारल्याचा आळ.

मी त्याला बाहेर खळ्यात घेऊन गेले नाही, आईसमोरच बसवलं. सांगितलं की अन्न बंद केल्यामुळे आई चाललेली नाही, आई चाललीय म्हणून शरीर अन्न घेत नाही. आता सलाईन दिलं तर ते पाणी हातापायांवर सूज होऊन आणि छातीत घरघर होऊन साठतं. भूक लागल्याची काही खूण नाही, ओठ सुकतात तो त्रास आहे आणि त्याला उपाय आहे. तो ऐकत होता पण पटत नव्हतं. शेवटी वयनीने काही न बोलता फोन पुढे केला. पाटीचा फोटो.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'ह्या आयेचाच अक्षर. ती ख असोच काढता.'

कोल्हापूरचा विषय तिथे संपला. मी त्याला काम दिलं, दर तासाला ओल्या मऊ कापडाने तोंड पुसायचं, ओठांना खोबरेल. त्याने ते रात्री जागून केलं. लांबून आलेल्या माणसाला हाताला काम पाहिजे, नाहीतर ते सगळं तोंडावाटे बाहेर पडतं.

शेजारच्या वयस्कर बायका म्हणायला लागल्या होत्या की जमिनीवर घ्या, खाटेवर जीव जाऊ नये. ऐन वेळी उचलून ठेवताना जखमेला धक्का, दुखणं, धावपळ, हे मी दुसऱ्या एका घरात बघितलं होतं. म्हणून आम्ही दोन दिवस आधीच खाट काढली आणि हवेची गादीच जमिनीवर घातली, तुळशीच्या समोर. कुणाचंच मन मोडलं नाही.

माझी दुसरी चूक इथली. घशातल्या घरघरीबद्दल मी मोठ्याला, वयनीला, मुलीला सांगितलं होतं, धाकट्याला नाही, तो तेव्हा बागेत होता. रात्री दोनला तो एकटा जागा होता आणि ती सुरू झाली. लाळ गिळता येत नाही म्हणून घशात साठून येणारा तो आवाज, ऐकणाऱ्याला वाटतं माणूस गुदमरतोय, प्रत्यक्षात पेशंट तेव्हा शुद्धीत नसतो आणि त्याला तसं होत नसतं. धाकट्याने १०८ लावला. गाडी आली, डॉक्टर उतरले, काकींना तपासलं, मग भिंतीवरचा कागद वाचला, नोटरीची प्रत बघितली. आमच्या डॉक्टरांना फोन लागला. गाडीतल्या डॉक्टरांनी काकींना कुशीवर वळवलं, मान जरा पुढे, घरघर निम्मी झाली. नेलं नाही. जाताना धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. तो बिचारा पहाटेपर्यंत 'मी चुकलंय, मी चुकलंय' करत होता. त्याची चूक नव्हती.

चवथीच्या चार दिवस आधी, सकाळी साडेदहाला. श्वास थांबायचा, मोजावा इतका वेळ, मग परत यायचा. मोठा तोंड पुसत होता, नातू पायाशी. कान शेवटपर्यंत ऐकतात असं मानतात, म्हणून मी सगळ्यांना बोलत राहायला सांगितलं, आणि बोलायला काही सुचेना तेव्हा मुलगी आरती म्हणायला लागली, गणपतीचीच. एक श्वास थांबला तो आला नाही. तुळशीचं पान आणि पाणी दिलं. पहिला अर्धा तास मी कुणालाही फोन करू दिला नाही, गाव जमा व्हायच्या आधी घरच्यांना तेवढा वेळ पाहिजे.

नंतरचं

ठरलेले डॉक्टर तासाभरात आले, मृत्यूच्या कारणाचा दाखला दिला. तो घेऊन ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची, धाकट्याने तेराव्यानंतर केली. अपेक्षित नैसर्गिक मरण घरी झालं तर पोलिसांचा काही संबंध नसतो, हेही लोक विचारतात.

चवथीला मी गेले होते. माटवी बांधलेली नव्हती. वाडीत आरत्या चालू, या घरात दिवा फक्त. वयनीने मला चहा दिला आणि म्हणाली रात्री दर दोन तासांनी जाग येतेच, उठून पडवीत जाते, मग आठवतं. मी तिच्याकडे पुढचे तीन महिने पंधरा दिवसांनी जात राहिले. सोबत पेशंट गेल्यावर संपत नाही, ज्या बाईने केलं तिचं घड्याळ तेव्हा बिघडलेलं असतं.

हवेची गादी डेटॉलने पुसून, उन्हात वाळवून पुढच्या घरी दिली. मेट्रोनिडाझोलचं पाकीट फेकलं. मॉर्फीनच्या ३१ गोळ्या उरल्या होत्या, त्या कुणाला कंबरदुखीला म्हणून द्यायच्या नाहीत, कचऱ्यात नाहीत, विहिरीत तर नाहीतच. मोजून, वहीत लिहून, चिठ्ठीसकट मोठ्याने मुंबईला नेल्या आणि जिथून आणल्या होत्या तिथे परत केल्या. पाटी नातवाकडे आहे. डबी काकींसोबत गेली.